सीटखाली काय बसवलंय म्हणे!

"वहिनी, घरघंटी घेतलीत की काय?" नानांनी कुंपणावरून विचारलं. हातात पाण्याचा पाइप. मोगऱ्याला पाणी घालणं हे निमित्त, चौकशी हे काम. रो-हाउसमध्ये राहणाऱ्यांना सांगायला नको. घरांची मधली भिंत सामाईक, बागेतलं कुंपण कमरेइतकं, त्यामुळे एका घरात कुकरची शिट्टी झाली की दुसऱ्या घरात वरण लागलं की काय याची काळजी.

"घरघंटी नाही हो. पिंट्याची गाडी आहे."

"गाडी? माडीवर?"

मग सगळं सांगणं आलं. पिंट्याने वरच्या खोलीत ॲल्युमिनियमच्या चौकोनी पट्ट्या जोडून एक सांगाडा उभा केलाय. त्याला रिग म्हणायचं. त्यावर रेसच्या गाडीत असते तशी सीट, पुढे स्टिअरिंग, खाली पेडल, समोर स्क्रीन. ऑफिसातून आला की हा कोथरूडात बसून बेल्जियममधल्या स्पाच्या ट्रॅकवर गाडी हाणतो. याला गेम म्हटलेलं चालत नाही, सिम रेसिंग म्हणायचं. मी एकदा "वय काय तुझं!" म्हटलं, तर म्हणाला, "आई, मॅक्स व्हर्स्टॅपेनसुद्धा घरी हेच करतो." फॉर्म्युला वनचा जगज्जेता ठरलेला हा माणूस टीम रेडलाइन नावाच्या संघाकडून खरंच अशा शर्यती खेळत आलाय. त्याच्या आईला मी काही बोलू शकत नाही, म्हणून पिंट्यालाही सोडून दिलं.

"ते ठीक आहे," नाना म्हणाले. "पण घरघर कसली?"

"शेकर. मित्राचा एक उसना आणून सीटखाली लावून बघितला काल."

तेवढ्यात नानांच्या घरातून माई बाहेर आल्या. "आमच्या फडताळातल्या वाट्या वाजत होत्या रात्री. मला वाटलं भूकंपच झाला."

आता यावर पिंट्याने गप्प बसावं की नाही? तो गॅलरीतून ओरडला, "बरोबर आहे माई! १९७४ साली हॉलिवूडच्या 'अर्थक्वेक' सिनेमासाठी युनिव्हर्सलवाल्यांनी थिएटरात राक्षसी स्पीकर बसवले होते, प्रेक्षकांना हादरे बसावेत म्हणून. सेन्सराउंड म्हणायचे त्याला. ते हवा हलवून खुर्ची हलवायचे. शेकर मधली हवाच वगळतो, थेट खुर्ची हलवतो."

नानांनी पाइप बंद केला. त्यांची हयात डिझेल जनरेटर बसवण्यात गेली आणि तरुणपणी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून ॲम्प्लिफायर जोडायचा नाद होता. म्हणजे हादरे आणि ॲम्प हे त्यांचे दोन्ही जुने आजार एकाच वेळी उठले. "खाली ये आणि नीट सांग," ते पिंट्याला म्हणाले. पुढचे कितीतरी दिवस आमचं कुंपण हे या दोघांचं वर्कशॉप होतं, आणि मी व माई प्रेक्षक.

शेकर म्हणजे कागदी कोन नसलेला स्पीकर. आत कॉइल, लोहचुंबक आणि वजन. करंट आला की वजन पुढे-मागे धावतं आणि ज्याला तो बोल्टने आवळलाय त्या वस्तूला ढकलतं. त्याचं राज्य साधारण २० ते ८० हर्ट्झ. म्हणजे कानापेक्षा हाडांना जास्त कळणारा पट्टा. "आणि हे कशाला हवं?" असं माईंनी विचारलं तेव्हा पिंट्याने दिलेलं उत्तर मला पहिल्यांदाच पटलं. खऱ्या गाडीत मागचं चाक घसरायला लागलं की ते डोळ्यांच्या आधी शरीराला समजतं. इथे तर गाडी जागची हलतच नाही. स्टिअरिंगमधली मोटर पुढच्या चाकांचं काय चाललंय ते हाताला सांगते, पण मागच्या चाकांबद्दल ती जवळपास मुकी. ब्रेक दाबताना चाक जाम झालं तर पायाला पत्ता नाही.

"खरं आहे," नाना म्हणाले, "गाडी बुडाला कळते. आमचा ड्रायव्हर गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलेलं सीटवरून सांगायचा."

माईंनी नानांकडे असं पाहिलं की त्यांनी पुढचा तपशील गिळला.

कुठला शेकर घ्यायचा यावर पिंट्याकडे यादी होती. डेटन ऑडिओचा छोटा गोल पक, टीटी२५: आठ ओहमचा, पंधरा-वीस वॉटचा, स्वस्त. त्याच कंपनीचा मोठा भाऊ बीएसटी-१: चार ओहम, ५० वॉट. ऑराचे साधारण याच ताकदीचे. आणि पैसेवाल्यांसाठी बटकिकर, ज्याचा संच ॲम्पसकट पेटीत येतो आणि ज्याचं नाव माईंसमोर मराठीत सांगायची सोय नाही. पिंट्याचं मन बटकिकरवर होतं, खिसा पकवर. नानांनी दोन प्रश्न विचारले: "सीट कशाची आहे?" फायबरची, जड. "मग पकने तिला गुदगुल्या होतील. पेडलच्या पत्र्याला मात्र तो चालेल." जड वस्तू हलवायला शेकरच्या आत धावणारं वजनही तसंच लागतं, हा सरळ हिशेब. मधला बीएसटी-१ ठरला. या भागात भांडण झालंच नाही, म्हणून मलाही सांगण्यासारखं फार नाही.

भांडण झालं ॲम्पवरून.

पिंट्याने एक चिनी छोटा ॲम्प पसंत केला होता. साबणाच्या पेटीएवढा, आणि खोक्यावर '१०० + १०० वॉट'. नानांनी खोक्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणाले, "ॲडॉप्टर दाखव."

ॲडॉप्टरवर लिहिलं होतं १२ व्होल्ट, ५ अँपिअर.

"बारा पंचे साठ. भिंतीतून साठ वॉट येणार, आणि हा दोनशे देणार? उरलेले एकशे चाळीस कुठून, मोगऱ्यातून? वहिनी, गच्चीवर हजार लिटरची टाकी बसवा हो, पण खाली पाइप अर्ध्या इंचाचा असेल तर बादली भरायला लागायचा तेवढाच वेळ लागणार."

मग त्यांनी कुंपणाच्या सिमेंटवर खडूने गणित मांडलं. ते अजून आहे तिथे, पाऊस लागत नाही त्या बाजूला. या जातीच्या ॲम्पला जेवढे व्होल्ट द्याल, त्याच्या पलीकडे त्याची लाट उंच जाऊ शकत नाही. व्होल्टचा वर्ग करायचा आणि ओहमच्या दुपटीने भागायचं. बाराचा वर्ग १४४, चार ओहमचा शेकर म्हणून भागिले आठ: अठरा वॉट. म्हणजे १०० लिहिलेल्या बाजूतून फार तर १८. चोवीस व्होल्ट दिले तर ५७६ भागिले आठ, ७२. त्यातलं थोडं उष्णतेत जाईल, पण पन्नासच्या शेकरला पोटभर मिळेल.

पिंट्याने फोनवर चिपचं पत्रक उघडलं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए३११६, असल्या बहुतेक छोट्या ॲम्पच्या पोटात हीच असते. तिचे निर्माते स्वतः म्हणतात: २१ व्होल्टवर चार ओहमला दोन्ही बाजूंना ५०-५० वॉट. आणि २६ व्होल्टच्या वर जाऊ नका. म्हणजे कारखाना सांगतो पन्नास, खोका सांगतो शंभर, आणि सोबतच्या ॲडॉप्टरवर मिळतात अठरा. नाना इतके खूश झाले की त्यांनी माईंना चहा टाकायला सांगितलं. माईंनी तो मला टाकायला सांगितला.

"मग मोठाच घेतो," पिंट्या चिडून म्हणाला. "बेहरिंगरचा एनएक्स३०००डी. तीन हजार वॉट!"

"घे. मंडपवाल्यांकडे असतो तसा पंखा असेल त्याला, रात्री फिरत बसेल. आणि तीन हजार हाही खोक्यावरचाच आकडा. चार-चार दांडगे शेकर लावणार असशील तर तो ठीक. दोन मध्यम शेकरना कशाला?"

खरं सांगायचं तर इथे मी पिंट्याच्या बाजूने होते, कारण मोठा ॲम्प म्हणजे पुन्हा पुन्हा खरेदी नाही. पण नानांचं गणित खडूत होतं आणि माझं नुसतं तोंडी. शेवटी तोच साबणपेटी ॲम्प राहिला, आणि तपकीर गल्लीतून २४ व्होल्ट, ५ अँपिअरचा सप्लाय आला. साइनबोर्डच्या एलईडीला लावतात तसा जाळीचा डबा. त्याची २३० व्होल्टची टोकं उघडी असतात, म्हणून नानांनी त्यावर झाकण बसवून, अर्थिंग जोडून मगच तो वर नेऊ दिला. हे काम ज्याला येत नाही त्याने प्लास्टिकमध्ये बंद असलेला ॲडॉप्टरच घ्यावा, असं ते पिंट्याला दोनदा म्हणाले, म्हणजे मला ऐकू जावं म्हणून.

जोडणीवरून आणखी एक कानउघाडणी झाली. पिंट्याला वाटत होतं, पुढेमागे चार ओहमचे दोन शेकर एकाच बाजूला समांतर लावावेत. नाना उसळले. "चार-चार समांतर म्हणजे दोन ओहम. मंडळाची पोरं हेच करायची. एका ॲम्पला एकेक कर्णा वाढवत जायचं, ओहम कमी होत जायचे, आणि नेमका आरतीच्या वेळी धूर! हे छोटे ॲम्प चार ओहमच्या खाली जगत नाहीत. दोन जोडायचेच तर एकामागे एक लाव, आठ होतील." आठ ओहमचे दोन पक मात्र समांतर चालतील, कारण त्यांचे चार होतात. शिवाय दोन बाजूंच्या काळ्या तारा एकत्र बांधायच्या नाहीत. जुन्या ॲम्पमध्ये ते चालायचं. या ॲम्पमध्ये काळ्या तारेवरही सिग्नल असतो, त्या जोडल्या की चिप गेली.

पहिल्यांदा सगळं जोडून सुरू केलं त्या संध्याकाळी गाडी उभी असतानाही सीट बारीक थरथरत होती. पिंट्याला वाटलं, शेकरच बिघडलेला आला. नाना जिना चढून वर गेले, सीटवर हात ठेवला आणि म्हणाले, "हे आपल्या लायटीचे पन्नास हर्ट्झ." कॉम्प्युटर एका भिंतीच्या प्लगला, ॲम्प दुसऱ्या. दोघांच्या अर्थिंगमधून फिरणारा करंट ऑडिओच्या तारेत शिरतो. साध्या स्पीकरमध्ये याची नुसती गुणगुण येते, पण पन्नास हर्ट्झ म्हणजे शेकरच्या अगदी आवडीचा सूर. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणलं, थरथर गेली. बाजारात यासाठी डब्या मिळतात, त्यातल्या स्वस्त डब्या खालचा बेसच खातात. शेकरला त्या काय कामाच्या?

शेकरला हुकूम कोण देतं हा वेगळाच अध्याय. गेमचा आवाजच दोन वाटांनी काढून एक शेकरला द्यायचा, ही सोपी रीत. पण मग मेन्यूतलं संगीत, समालोचक, सगळंच बुडाखालून येतं. दुसरी रीत सिमहब नावाच्या प्रोग्रामची. तो फुकटातही चालतो, लायसन्स घेतलं तर जास्त झपाट्याने. तो आवाज ऐकत नाही. गाडीचे आकडे वाचतो. कुठलं चाक किती फिरतंय, ब्रेक किती, गिअर कुठला, आणि त्यावरून हादरा स्वतः तयार करतो. त्यासाठी पिंट्याने एक वेगळं यूएसबी साउंड कार्ड घेतलं, ७.१ वालं, म्हणजे प्रत्येक शेकरला स्वतंत्र वाट. विंडोजने त्या कार्डालाच मुख्य स्पीकर मानलं, आणि दुसऱ्या दिवशी घरून काम करताना मॅनेजरचा सगळा रिव्ह्यू त्याला सीटखालून मिळाला. तेव्हापासून तो कार्ड बदलल्यावर सेटिंग तपासतो.

आता माईंचा प्रश्न. वाट्या.

इथे नानांचं खरं क्षेत्र सुरू झालं. "जनरेटरखाली रबर का घालतात सांग?" पिंट्या म्हणाला, हादरा शोषायला. "चूक. रबर शोषत फारसं नाही, झुलतं. रबरावर ठेवलेल्या वस्तूला स्वतःची एक झुलण्याची गती असते. यंत्राचा हादरा त्या गतीच्या एक पूर्णांक एकेचाळीस पटीच्या वर असेल तरच तो खाली जायचा अडतो. त्याच्या खाली असेल तर उलट वाढून जातो." म्हणजे शेकर २० हर्ट्झपासून वर काम करणार असेल तर रिग आठ-दहा हर्ट्झला झुलेल इतकं मऊ रबर हवं. पिंट्याने आणलेले वॉशिंग मशीनचे कडक पाय त्या हिशेबात कुठेच बसत नव्हते.

रबर निवडायला वजन लागतं. रिग साठ किलो. पिंट्याने स्वतःचं वजन पंचाहत्तर सांगितलं, मी ब्याऐंशी सांगितलं. नानांनी माझा आकडा धरला.

पण फार मऊही चालत नाही, कारण ब्रेकचं पेडल हा मुलगा जीव खाऊन दाबतो आणि मग अख्खा रिग मागे डोलतो. तेव्हा दोन ठिकाणी रबर बसलं. सीट आणि सांगाड्याच्या मध्ये एक थर, सांगाडा आणि फरशीच्या मध्ये दुसरा, पहिला जरा कडक. याचा एक फायदा कुणालाच आधी सुचला नव्हता. सीटचा हादरा सीटपाशीच राहायला लागला आणि पेडलचा पेडलपाशी. पिंट्या चार कोपऱ्यांना चार शेकर लावायचं म्हणत होता. एकाच धातूच्या सांगाड्याला चार आवळले तर चारही एकमेकांत मिसळून नुसता गोंधळ होतो. डावं-उजवं कळायला आधी प्रत्येक तुकडा वेगळा तरंगायला हवा. माझ्या मते या सगळ्या उद्योगात रबरावर गेलेला पैसा सर्वांत कमी आणि सर्वांत वसूल. माईंनी वाट्यांवर हात ठेवून तपासणी केली, पास केलं, आणि वर बजावलं, "रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, असा सरकारी नियम आहे."

"माई, हा लाउडस्पीकर नाही."

"भिंतीला कुठे माहितीये ते?"

दहाला बंद होतो.

मग उरली सजावट, म्हणजे कुठला हादरा किती. पिंट्याने पहिल्या दिवशी सगळंच सुरू केलं होतं: इंजिन, रस्ता, कडेचे दगड, गिअर, एबीएस, घसरण. सीटवरून उतरला तेव्हा पायाला मुंग्या, आणि वेळ नेहमीपेक्षा वाईट. नाना म्हणाले, इंजिन काढ. तो म्हणाला, इंजिनाशिवाय मजा काय? पुन्हा खडू. चार सिलिंडरचं चार स्ट्रोक इंजिन ९०० आरपीएमला उभं असेल तर सेकंदाला पंधरा फेरे, प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट, म्हणजे ३० हर्ट्झ. हे शेकरला जमतं. सहा हजारला तेच २०० हर्ट्झ. तिथे शेकर नुसता कुरकुरतो आणि तापतो. एका सिलिंडरची बुलेट उभ्या जागी सेकंदाला सात-आठच ठोके देते, म्हणून ती छातीत लागते. शर्यतीतल्या गाडीचं इंजिन हा कानाचा विषय आहे, तो हेडफोनवर सोडा. शिवाय इंजिन कधी थांबत नाही, त्यामुळे त्याच्या अखंड थरथरीखाली घसरणीची ती छोटी, कामाची खूण बुडून जाते.

आता पेडलच्या पत्र्यावर फक्त पुढची चाकं जाम झाल्याचा हादरा आहे. सीटखाली मागच्या चाकांची घसरण, आणि गिअरचा एक ठोका. मोंझाच्या ट्रॅकच्या कडेच्या दगडांवरून गेला तर तेवढ्यापुरती खडखड. इंजिन पिंट्याने हट्टाने ठेवलंय, पण इतकं कमी की नाना वर आले की बंद आहे असं सांगता येतं. हादऱ्याने रिगचे नट ढिले होतात, ते तो रविवारी आवळतो. हल्ली ब्रेक कुठे सोडायचा ते पायाला कळतं म्हणतो. मला कळत नाही, पण तो स्क्रीनवर कमी ओरडतो एवढं खरं.

परवा नवीनच टूम निघाली. नानांचा भाचा दिवाळीला न्यू जर्सीहून येणार आहे, तर त्याच्या बॅगेतून पिंट्याला आणखी शेकर आणि "तिकडचा एक चांगला ॲम्प" हवाय. नाना शेकरला हो म्हणाले. शेकर हा लोखंडाचा गोळा, त्याला इकडचं काय आणि तिकडचं काय. ॲम्पला मात्र नाही. तिकडे भिंतीत १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. मागे दोन्ही चालतात असं छापलेलं नसेल तर इथे प्लग लावताच संपला. आणि छापलेलं असलं तरी बिघडला की दुरुस्तीला न्यू जर्सीला कोण नेणार? तेव्हा तुमच्याकडेही कुणी पिंट्या असेल तर शेकर कुठूनही येऊ द्या. ॲम्प आणि सप्लाय इथला घ्या, आणि पैसे देण्याआधी दुकानदाराकडून ॲडॉप्टर मागून त्यावरचे दोन आकडे वाचा.